सात पूर्णांक दोन

पालथ्या झोपा, ओबदुलिया. तोंड त्या भोकात.
उजवा हात वर, कानाच्या बाजूनं, थोडा तिरपा,
अंगठा छताकडे.
आता मी खाली दाबणार,
तुम्ही दाबू द्यायचं नाही.

यंत्र मनगटावर. एक, दोन, तीन, चार, पाच.
सात पूर्णांक दोन किलो.
"एवढंच?" भोकातून आवाज येतो.
"काल चाळीस किलो तिसऱ्या उचलल्या मी."
त्या वेगळ्या स्नायूंनी, मी म्हणतो.
हा खांद्याच्या पात्याखालचा, आतला,
जो कधी पुढे येत नाही,
ज्याच्यावाचून मात्र पातं पंखासारखं सुटतं.
"म्हणजे माझी नणंद," ती म्हणते.

पोंतेवेद्रातल्या या खोलीतून खाडी दिसत नाही.
वास येतो, तिच्या केसांतून.
अडतीस वर्षं प्रत्येक ओहोटीला ही बाई
गुडघाभर पाण्यात दाताळं ओढत मागे मागे चालली आहे.
मणक्यांनी शेवटी तोच आकार धरला.
सहाव्याच्या आसपास बोट दाबलं तर
ओल्या वाळूसारखं काही नाही,
फरशी.

मग मला बाहेर काढतात.
मोजणाऱ्याला कळता कामा नये
कुणाची पाठ इरिया खरंच मोकळी करते, एका झटक्यात,
आणि कुणाच्या पाठीवर नुसते हात ठेवून
तेवढेच सेकंद मोजते.
दारापलीकडे कड्‌ वाजलं की नाही
ते ऐकू येऊ नये म्हणून
मी कॉफीचं यंत्र चालू करतो.
त्या हिवाळ्यात मी फार कॉफी प्यायलो.

पुन्हा हात वर. पुन्हा पाच सेकंद.
आठ पूर्णांक नऊ.

ती उठून बसली, हाताकडे बघत राहिली,
बाजारात कुणी चुकून जास्त सुटे दिल्यासारखी.
"ही ताकद माझीच?"
तुमचीच.
"मग इतके दिवस कुठे होती?"
मी पुस्तकातलं सांगितलं:
मणका अडला की मज्जातंतू हात आखडता घेतात,
स्नायू असतो, त्याला हुकूम पोचत नाही.
"किती वेळ राहील?"
ते माहीत नाही.
मिनिटं, कदाचित संध्याकाळपर्यंत.
"ओहोटीसारखं," ती बूट घालत म्हणाली,
"तेवढ्यात काय काढायचं ते काढून घ्यायचं."

आठवड्यानं आली तेव्हा सात पूर्णांक चार.
तिला वाईट वाटलं नाही. मला वाटलं.

नणंद एरुंदिनासुद्धा आली होती,
सहा पूर्णांक आठवरून नऊवर गेली,
आणि गावभर सांगत सुटली
की आत काहीतरी मोडलं आणि बरं झालं.

जूनमध्ये पाकिटं उघडली.
एरुंदिना: झटका.
ओबदुलिया: नुसते हात.
दोन्ही गटांच्या सरासरीत फरक इतका बारीक
की इरियानं तक्ता दोनदा बंद करून उघडला,
मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली,
स्वतःच्या तळहातांना काही न विचारता.

मी आकडे पाठ करू शकतो.
पाठी पाठ होत नाहीत.
त्या पावणेदोन किलोंचं काय करायचं,
जे कुणी दिले नाहीत, आणि आले?
भीती कमी झाली असेल.
दुसऱ्यांदा युक्ती कळली असेल.
किंवा अडतीस वर्षांत पहिल्यांदा
कुणी तिच्या पाठीला हात लावला
आणि त्यावर काही लादलं नाही.
यातलं शेवटचं मी लिहिलं, मग खोडलं.

तिला अजून सांगितलेलं नाही.

मी एवढंच केलं: एका रविवारी
तिच्या दाताळ्याचा दांडा मोजला,
आणि तिच्या पुतण्याकडून, जो नावा दुरुस्त करतो,
वीतभर लांब करून घेतला.
ती थोडी ताठ चालते आता, पाण्यात, मागे मागे.
कुरकुर करते की हाताला सवय नाही.
याला फॉर्मवर रकाना नव्हता.